नोकरी शोधावी, विकत घेऊ नये



परीक्षेचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की खेड्यातील घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : मुलाचे आता पुढे काय? शेत दोन-तीन एकर, भाऊ तिघे, विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत. मुलगा मोबाइलवर जाहिराती पाहतो, दहा ठिकाणी अर्ज धाडतो, एकाचेही उत्तर येत नाही. अशी दीड-दोन वर्षे गेली म्हणजे घरात टोमणे सुरू होतात, आणि नेमक्या अशा वेळी कोणी पाहुणा ओट्यावर बसून हळूच सांगतो, "माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत. तीन लाख दिले तर शिपायाची जागा पक्की." बाप रस्त्याकडेचा तुकडा गहाण टाकतो, आई पाटल्या काढून देते. पुढे साहेबांचा फोन लागेनासा होतो, पाहुणा तोंड चुकवितो, आणि घरात नोकरी तर येत नाहीच, उलट व्याज येते. ह्या गोष्टीत गावाचे नाव घालण्याचे कारण नाही. ती पुष्कळ गावांची आहे, आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस तिच्यातील माणसे ठाऊक असतील.

असे का होते, आणि ते टाळून नोकरी कोणत्या रीतीने शोधावी, ह्याचा विचार ह्या धड्यात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : दलाल जी वस्तू विकावयास आणतो ती नोकरी नव्हे, तर बातमी आणि ओळख होय. ह्या दोन्ही वस्तू गरीबापाशी थोड्या असतात, म्हणून तो त्या विकत घेऊ पाहतो. परंतु त्या विकत घेण्याच्या वस्तूच नव्हेत. थोडी शिस्त व थोडे धैर्य असेल तर त्या उघडपणे, पैशावाचून जमविता येतात.

१. आपणांस काय येते ते आधी लिहून काढावे

"तुला कोणते काम पाहिजे?" असे विचारले असता आमचे तरुण नम्रपणाने उत्तर देतात, "कोणतेही चालेल." हे उत्तर ऐकावयास बरे वाटते, पण त्याचा उपयोग कोणासही नाही. काम देणाऱ्यास "कोणतेही" करणारा माणूस नको असतो. त्यास जोडारी पाहिजे असतो, गोदामाची नोंद ठेवणारा पाहिजे असतो, मालगाडी चालविणारा पाहिजे असतो. आणि ज्या ओळखीच्या मनुष्यास आपण हे उत्तर देतो, त्यासही पुढे कोणाजवळ आपला विषय कसा काढावा हे समजत नाही.

ह्यास्तव प्रथम एक कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात मला काय येते, दुसऱ्यात ते मी कोठे व किती दिवस केले, आणि तिसऱ्यात ते केल्याचे कोण सांगेल. खेड्यातील तरुणांस वाटते की आपल्यापाशी लिहिण्यासारखे काहीच नाही. हे खरे नव्हे. ज्याने दोन हंगाम पाण्याची मोटार स्वतः उघडून दुरुस्त केली, त्यास यंत्राचे काही ज्ञान आहे. ज्याने गावच्या दूध डेअरीत रोज पहाटे लिटर व फॅट ह्यांची नोंद ठेवली, त्यास वेळेवर येणे, मोजणे व हिशेब लिहिणे ही तिन्ही कामे येतात. ज्या मुलीने बचत गटाचे वहीखाते तीन वर्षे चुकीवाचून सांभाळले, तिला पैशाच्या कामात भरवशाची म्हणावयास हरकत नाही. ह्या गोष्टी पदवीच्या कागदावर नसतात, म्हणून त्या सांगितल्या पाहिजेत.

कागद लिहून झाल्यावर उणीवही दिसून येईल. ती भरून काढण्याचे मार्ग आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आपण आय.टी.आय. म्हणतो, तेथे वीजतंत्री, जोडारी, संधाता असे व्यवसाय शिकविले जातात. त्याखेरीज १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची सोय आहे व त्या काळात विद्यावेतन मिळते. शिकाऊ उमेदवारीचे विद्यावेतन पूर्ण पगाराइतके नसते, म्हणून कित्येक तरुण तिच्याकडे पाठ फिरवितात. परंतु वर्षभर कारखान्यात वावरलेल्या मनुष्यास यंत्राइतकीच माणसांचीही ओळख होते, आणि दुसरी नोकरी शोधताना त्यास सांगावयास काहीतरी असते. रिकामे बसून काढलेल्या वर्षापेक्षा हे वर्ष फार मोलाचे होय.

२. नोकरीची बातमी कोठून येते

अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी बोस्टन शहराजवळील न्यूटन ह्या गावी नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांस, ती नोकरी तुम्हांस कशी समजली, असे विचारले. त्यांचा शोध १९७३ व १९७४ साली प्रसिद्ध झाला. पुष्कळांस नोकरीची बातमी ओळखीच्या मनुष्याकडून मिळाली होती, ह्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. ज्या ओळखीच्या मनुष्याने बातमी दिली तो तुम्हांस कितीदा भेटत असे, असे विचारता, आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा होता असे सांगणारे शेकडा सुमारे १७ च निघाले. बाकीच्यांस बातमी दिली ती अधूनमधून भेटणाऱ्यांनी, किंवा वर्षातून एकदा भेटणाऱ्या अथवा तेवढीही गाठ न पडणाऱ्या माणसांनी. ती पाहणी अमेरिकेतील सुशिक्षित पेशांच्या पुरुषांची होती, तेव्हा ती जशीच्या तशी आपणांस लागू करू नये. परंतु २०२२ साली लिंक्डइन ह्या संकेतस्थळावरील सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या व्यवहारावरून केलेला अभ्यास 'सायन्स' ह्या नियतकालिकात आला. त्यातही अगदी जवळच्या माणसांपेक्षा बेताच्या ओळखीची माणसे नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडतात असेच दिसून आले.

ह्याचे कारण उघड आहे. जी माणसे रोज आपल्याबरोबर पारावर बसतात त्यांस जे ठाऊक, ते आपणांसही ठाऊक असते. त्यांची माया मोठी, पण बातमी तीच. उलट, चाकणच्या कारखान्यात खानावळ चालविणारा आपल्या मामाचा शेजारी, वाळूजला कामास असलेला चार वर्षांपूर्वीचा वर्गमित्र, तालुक्याच्या दवाखान्यातील परिचारिका, मालगाडी घेऊन रांजणगावास जाणारा चालक, बदली होऊन गेलेले जुने गुरुजी, ह्यांची माया बेताची असेल, पण ती वेगळ्या जगात वावरतात. तेथील बातमी त्यांच्यापाशी असते.

म्हणून आमची दुसरी सूचना अशी की, अशा लांबच्या वीस माणसांची नावे वहीत लिहावीत व आठवड्यातून तीन-चार जणांस फोन करावा किंवा भेटावे. परंतु काय विचारावे ह्यात सारे मर्म आहे. "मला कोठेतरी चिकटवा" असे म्हटले की समोरच्यावर ओझे पडते. नोकरी लावून देणे त्याच्या हाती नसते, म्हणून तो "बघू" म्हणतो व पुढे फोन उचलण्याचे टाळतो. त्याऐवजी असे विचारावे : "मी वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा केला आहे, घरच्या व शेजारच्या मोटारी दुरुस्त करतो. तुमच्या भागात अशा कामाची माणसे कोण घेतो? कोणास भेटावे, व कोणत्या दिवशी?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणासही सहज देता येते, आणि देणाऱ्यास आनंद वाटतो. नोकरी मागणे व माहिती विचारणे ह्यांत हा भेद आहे. पहिल्याने दार लोटले जाते, दुसऱ्याने ते थोडेसे तरी उघडते. शेवटी आणखी एक विचारावे, "ह्याविषयी अधिक कोणास ठाऊक असेल?" अशा रीतीने वीस नावांची चाळीस होतात.

बातमी विकणारा दलाल हा आजचा नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी कामगार भरण्याचे काम जॉबरच्या हाती असे. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या मनुष्यास काम लागावे व लागलेले टिकावे म्हणून त्यास जॉबरचा हात ओला करावा लागे. त्या पैशास दस्तुरी म्हणत. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात ह्या पद्धतीवर कडक टीका केली. जॉबरचे बळ एकाच गोष्टीत होते : गिरणीच्या आत काय चालले आहे हे त्यास ठाऊक असे, बाहेर उभ्या असलेल्यास नसे. आजच्या दलालाचे बळही तेच होय. ज्या गावात बातमी उघड फिरते त्या गावात त्याचा माल खपत नाही.

३. सरकारी दारे

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या शिपायांस कामे मिळावीत म्हणून १९४५ साली आपल्या देशात सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली, व पुढे ती सर्वांस खुली झाली. आमच्या वाचकांच्या वडिलांपैकी कित्येकांनी तेथील कार्ड वर्षानुवर्षे जपून ठेवले असेल. आता नोंदणी बहुधा संगणकावर होते. भारत सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ साली सुरू झाली, आणि महाराष्ट्र शासनाचे महास्वयम् हे संकेतस्थळ आहे. दोन्हीकडे नोंदणीस पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते. तेथे जाऊन रोजगार मेळाव्यांच्या तारखा विचाराव्यात.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. पेरणी करून घरी येऊन बसावे व पीक आपोआप यावे, असे शेतात घडत नाही, ते येथेही घडत नाही. नोंदणी केल्यावर आठवड्यातून दोन दिवस ठरवून नव्या जागा पाहाव्यात, आपणांस साजेशा जागांस अर्ज करावेत, मेळाव्यास स्वतः जावे.

सरकारी भरतीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पोलीस, तलाठी, रेल्वे, सैन्य ह्या नोकऱ्यांची इच्छा धरण्यात काही गैर नाही. परंतु जागा थोड्या व उमेदवार लाखो, ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. जाहिरात व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रावरून वाचू नये. त्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मूळ जाहिरात काढून वय, शिक्षण, मुदत व शुल्क ही चारही स्वतः वाचावीत. आणि तयारी सुरू करण्याच्या दिवशीच घरात बसून ठरवावे की, अमुक वर्षापर्यंत किंवा अमुक प्रयत्नांपर्यंत मी हे करीन, व तोपर्यंत अर्धवेळ का होईना काही काम करीत राहीन. मुदत ठरविली नाही तर वयाची पंचविशी व तिशी केव्हा उलटते ते कळत नाही. मुदत पुरी होऊन यश आले नाही तर ती हार समजू नये; वाचलेले गणित, इंग्रजी व सामान्य ज्ञान दुसऱ्या कामात उपयोगी पडते.

४. अर्ज, कागद आणि वही

अर्ज एका पानाचा पुरे. वर नाव, गाव, चालू असलेला फोन नंबर, मग कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते, मग जे काम येते ते, मग शिक्षण, शेवटी ओळख सांगणाऱ्या दोघांची नावे, त्यांस आधी विचारून. "मी प्रामाणिक, कष्टाळू व जबाबदार आहे" असे सगळेच लिहितात, म्हणून त्याचा अर्थ उरत नाही. त्याऐवजी "गावच्या दूध संस्थेत दोन वर्षे पहाटेच्या पाळीत संकलनाची नोंद ठेवली" असे लिहिले, तर वाचणारास प्रामाणिकपणा, कष्ट व जबाबदारी ही तिन्ही न सांगता दिसतात. न येणारे काम येते असे कदापि लिहू नये. पहिल्याच दिवशी ते उघडे पडते, आणि मग खरे येणारे कामही कोणी खरे मानीत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत खेड्यातील उमेदवार पुष्कळदा एका लहानशा गोष्टीने अडतो. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारावर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. एके ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये, दुसरीकडे ते गाळलेले. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. ही दुरुस्ती करण्यास आठवडे लागतात, आणि अर्जाची मुदत दिवसांची असते. म्हणून नोकरी शोधण्यापूर्वीच सर्व कागद एका ठिकाणी मांडून ताडून पाहावेत व चूक असेल ती आधीच सुधारून घ्यावी. जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्न ह्यांपैकी ज्यांस मुदत असते त्यांच्या तारखा वहीत लिहाव्यात. प्रतींचे दोन संच करावेत. मूळ कागद दाखवावेत, पण कोणापाशी ठेवून येऊ नयेत.

आता वहीविषयी. ज्याने दहा अर्ज केले त्यास कोठे काय लिहिले हे आठवते. ज्याने पन्नास केले त्यास आठवत नाही. वहीत प्रत्येक अर्जास एक ओळ द्यावी : तारीख, ठिकाण, कोणास भेटलो, काय म्हणाले, पुन्हा केव्हा विचारावयाचे. सात-आठ दिवसांनी एकदा नम्रपणे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. काम देणाराही मनुष्य आहे. त्याच्या मेजावर कागदांचा ढीग असतो, आणि आठवण करून देणाऱ्याचा कागद वर येतो. एक महिना झाला म्हणजे वही चाळावी. अर्ज पुष्कळ व मुलाखती एकही नाही, तर अर्जात किंवा जागा निवडण्यात चूक आहे. मुलाखती होतात पण निवड होत नाही, तर बोलण्याची तयारी कमी पडते. दोष कोठे आहे हे वही सांगते; वही नसली तर मनुष्य सारा दोष नशिबास देऊन बसतो.

५. मुलाखतीस जाताना

जागा नवी असेल तर आदल्या दिवशी रस्ता विचारून ठेवावा, पहिली एस.टी. चुकली तर दुसरी केव्हा, हेही पाहावे. कपडे नवे असण्याची गरज नाही, स्वच्छ असावेत. विचारलेले नीट ऐकून तेवढ्याचेच उत्तर द्यावे. एखादी गोष्ट येत नसेल तर "ती येत नाही, परंतु तिच्या जवळचे अमुक काम मी केले आहे व ही शिकेन" असे म्हणावे. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोलू का, असे विचारण्यात कमीपणा नाही. घरी एखाद्या वडील माणसास समोर बसवून दोन-तीनदा ह्याचा सराव करावा. मोठ्याने बोलून पाहिल्यावाचून आपले बोलणे कोठे तुटते हे समजत नाही. मुलींनी पहिल्या भेटीस कोणास तरी बरोबर न्यावे, आणि भेटीची जागा कचेरी किंवा कारखाना नसून लॉज अथवा खासगी खोली असेल तर जाऊच नये.

उमेदवारानेही प्रश्न विचारावेत. पगार कापाकापी होऊन हाती किती येईल? कामाचे तास किती, जादा कामाचे पैसे कसे? आणि सर्वांत महत्त्वाचे, मला नेमणारा कोण, कारखाना की कंत्राटदार? मग घरी येऊन हिशेब करावा. समजा, शहरात हाती १५,००० रुपये मिळतात. खोलीचा वाटा ३,०००, खानावळ ४,०००, बस व फोन १,५००, गावी येणे-जाणे १,०००; उरले ५,५००. तालुक्याच्या गावी १०,००० मिळतात, जाण्या-येण्यास १,५०० लागतात, घरच्या जेवणाचे २,००० धरले, उरले ६,५००. मोठा आकडा नेहमीच मोठा नसतो. तथापि शहरातील कामात हातास कसब लागत असेल व तालुक्यातील कामात लागत नसेल, तर पहिल्या दोन वर्षांपुरते थोडे कमी उरले तरी कसब निवडावे. पगार महिन्याने संपतो, कसब संपत नाही.

६. पैसे मागणारा

आता ज्या गोष्टीसाठी हा धडा आम्ही लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. नियम एकच आहे व तो मुलाबाळांस पाठ करवावा : मजुरी मालक कामकऱ्यास देतो, कामकरी मालकास देत नाही. जो नोकरी देण्यापूर्वी नोंदणीचे, गणवेशाचे, वैद्यकीय तपासणीचे, लॅपटॉपच्या अनामतीचे किंवा "साहेबांच्या चहापाण्याचे" पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. सरकारी परीक्षेचे शुल्क ही वेगळी गोष्ट होय. ते जाहिरातीत छापलेले असते, अधिकृत संकेतस्थळावर भरावयाचे असते, व त्याची पावती मिळते. कोणाच्या खासगी फोन नंबरवर पाठवावयाचे शुल्क सरकारात जात नाही.

कोणी म्हणेल, "पण अमक्याने पैसे दिले आणि त्याचे काम झाले." दलालाची एक युक्ती ध्यानात घ्यावी. तो दहा उमेदवारांकडून पैसे घेतो व काहीच करीत नाही. दहांपैकी एखादा आपल्या गुणांवर लागतो. दलाल त्याचे श्रेय घेतो, तेच उदाहरण पुढच्या गावी सांगतो, आणि उरलेल्यांस "तुमचे पुढच्या यादीत" म्हणून झुलवीत ठेवतो. आणि जेथे खरोखरच लाच देऊन काम होते, तेथेही देणारा कायद्याच्या हाती सापडतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे लोकसेवकास लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्यास ती देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांस किंवा तपास यंत्रणेस कळविले तर त्यास संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा क्रमांक १०६४ हा आहे. फोनवरून किंवा संगणकावरून फसवणूक झाली असेल तर त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाटेत अडविला जाण्याचा संभव अधिक. लाजेने गप्प बसलेल्या माणसाचा पैसा बहुधा परत येत नाही, आणि त्याच्या गप्प बसण्याने शेजाऱ्याचाही जातो.

परदेशच्या नोकरीत धोका पैशापुरता राहत नाही. चांगल्या पगाराच्या संगणकी कामाचे आमिष दाखवून तरुणांस आग्नेय आशियात नेले गेले व तेथे कोंडून त्यांच्याकडून लोकांस फोनवरून लुबाडण्याचे काम करविले गेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांस भारत सरकारने विमानांनी परत आणले. तेव्हा परदेशी जाण्यापूर्वी भरती करणारा एजंट सरकारी परवान्याचा आहे की नाही, हे ई-मायग्रेट ह्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत एजंटास उमेदवाराकडून घेता येणाऱ्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढीच ठरविलेली आहे. "आधी पर्यटक म्हणून चला, कामाचा परवाना तिकडे करू" असे जो म्हणतो त्याच्याबरोबर विमानतळापर्यंतही जाऊ नये.

७. काम लागल्यावर

काम लागले म्हणजे शोध संपला असे नाही. नेमणुकीचे पत्र मागून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, व त्यांनुसार कामगारास लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर आपला बारा अंकी खाते क्रमांक विचारून घ्यावा व पैसे खरोखर भरले जातात की नाही हे अधूनमधून पाहावे. पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी. पहिल्या महिन्यात कंटाळून परत येऊ नये. नवी जागा अंगवळणी पडण्यास तीन महिने लागतात. आणि आपल्या पाठीमागे गावात जे राहिले त्यांस विसरू नये. तुमच्या कारखान्यात माणसे घेणार आहेत ही बातमी तुम्ही गावात पाठविली, तर उद्या कोणाचा तरी तुकडा गहाण पडावयाचा वाचेल.

घरच्या वडिलांसही आमची एक विनंती आहे. सरकारच्या श्रमबल पाहणीत वर्षानुवर्षे असे दिसते की, अशिक्षितांपेक्षा शिकलेल्यांत बेकारीचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा शिकलेल्या मुलास सहा महिने किंवा वर्षभर काम लागले नाही, तर तो आळशी आहे किंवा शिक्षण फुकट गेले असे एकदम म्हणू नये. टोमणे ऐकून मुलगा शोध वाढवीत नाही, लपवितो. आणि लपूनछपून शोधणारा मुलगाच दलालाच्या हाती लवकर सापडतो. त्याची वही मागून पाहावी, कोणाकोणास भेटला ते विचारावे, भाड्यास पैसे द्यावेत. तीन लाख दलालास देण्याची ज्या घराची तयारी असते, त्या घराने मुलास महिन्याकाठी पाचशे रुपये फिरण्यास देण्यास मागेपुढे पाहू नये.

शेवटी गावातील शिक्षकांस व कार्यकर्त्यांस एक काम सुचवितो. आपल्या गावातून बाहेर गेलेल्या माणसांची एक यादी करावी : कोण, कोठे, कोणत्या कामावर. ज्यांची संमती असेल त्यांचे फोन नंबर तीत लिहावेत. ती शाळेत किंवा मंडळीच्या घरात ठेवावी, आणि महिन्यातून एका संध्याकाळी काम शोधणाऱ्या तरुणांस व तरुणींस एकत्र बसवून ती उघडावी. ज्यास जी जागा समजली असेल ती त्याने सर्वांपुढे सांगावी. ह्यास इमारत नको, निधी नको. एक वही व एक दिवा पुरे. दलाल अंधारात कानात जे सांगतो, ते येथे उजेडात सर्वांस ऐकू येईल.

अभ्यासाचे प्रश्न

१. "कोणतेही काम चालेल" ह्या उत्तरात काय चूक आहे? तुमचे तीन रकाने आज लिहून काढा.
२. लांबच्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी अधिक का मिळते? तुमच्या वीस माणसांपैकी पाच नावे सांगा.
३. नोकरी मागणे व माहिती विचारणे ह्यांत भेद काय? दोघांनी समोरासमोर बसून हे संभाषण करून दाखवावे.
४. परीक्षेचे शुल्क व दलालाची मागणी ही कशी ओळखावी?
५. तुमच्या गावात नोकरीसाठी पैसे देऊन कोणी फसले आहे काय? नाव न घेता सांगा : त्या घरास त्या वेळी कोणती एक गोष्ट ठाऊक असती तर ते वाचले असते?